थांबल्यानंतरची पहिली गोळी : पेंटबॉल मार्करवरच्या प्रेशर रेग्युलेटरचे परीक्षण

क्रोनोग्राफसमोर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर, लागोपाठ दहा गोळ्या मारल्या आणि दहाही २७८ ते २८४ फूट प्रति सेकंद या पट्ट्यात बसल्या, तेव्हा रेग्युलेटर बसवण्याचे काम फत्ते झाले असे मला वाटले. मार्करच्या, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारणाऱ्या पेंटबॉल बंदुकीच्या, तोंडावर बॅरल कव्हर चढवून मी पाच-सहा मिनिटे बाजूला थांबले, परत आले आणि सहज म्हणून आणखी तीन गोळ्या मारल्या. पहिली ३०६, दुसरी २८७, तिसरी २८१. पेंटबॉलमध्ये ३०० फूट प्रति सेकंद ही सर्वसाधारणपणे कमाल मर्यादा मानली जाते आणि अनेक मैदानांवर ती त्याहूनही खाली आणलेली असते. म्हणजे ज्या मार्करला तपासणीत निर्धोक ठरवून मी मैदानात नेणार होते, तोच मार्कर आडोशामागे काही मिनिटे शांत बसल्यानंतरची पहिली गोळी मर्यादेबाहेरच्या वेगाने मारणार होता, आणि खेळात तर बहुतेक वेळा नेमकी तीच गोळी कोणाच्या तरी अंगावर जाते. हे परीक्षण मी मुख्यतः त्या पहिल्या गोळीसाठी लिहीत आहे.

ज्या वस्तूबद्दल लिहीत आहे ती आधी सांगते. ट्रिगरच्या पुढच्या बाजूला उभा बसणारा, बाहेरून स्क्रूने दाब कमीजास्त करता येणारा, पिस्टन पद्धतीचा हा रेग्युलेटर आहे. खालच्या टोकाला टाकीकडून येणारी होज जोडायची, वरचे टोक मार्करच्या आट्यांत बसवायचे, आणि बाजूच्या छिद्रात दाब दाखवणारा छोटा गेज लावायचा, अशी त्याची सरळ रचना आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण माझ्याकडचा नग दुसऱ्या खेळाडूच्या हातून आलेला होता आणि त्यात जो दोष निघाला तो कारखान्यातून आला की मधल्या वापरातून, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता. शिवाय याच पद्धतीचे रेग्युलेटर अनेक जण बनवतात, आणि पुढे जे लिहिले आहे त्यातील बराच भाग त्या सर्वांना लागू पडतो. मार्कर बंद बोल्टचा (गोळी सुटण्याआधीच बोल्ट पुढे जाऊन बंद झालेला असतो), हॅमरच्या ठोक्याने गॅसचा व्हॉल्व्ह उघडणारा मेकॅनिकल आहे, म्हणजे त्यात बॅटरी किंवा सर्किट काहीही नाही. एक संपूर्ण हंगाम मी तो कार्बन डायऑक्साइड आणि दाबाखालची हवा अशा दोन्हींवर वापरला, आणि तुलनेच्या प्रत्येक चाचणीसाठी एकाच खोक्यातील गोळ्या वापरल्या, कारण गोळीचा व्यास बदलला की वेगही बदलतो आणि त्याचे खापर विनाकारण रेग्युलेटरवर फुटते.

हा सुटा भाग घेणाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो तो ‘याने मार्करचा जोर वाढेल का’ असा. रेग्युलेटरने जोर वाढत नाही. घरातील शेगडीच्या गॅसला जसा रेग्युलेटर असतो तसेच याचेही काम आहे : आत कितीही दाब असो, बाहेर ठरवलेला दाबच द्यायचा. फरक एवढाच की शेगडीचा दाब कारखान्यात ठरवलेला असतो, तर इथे तो वापरणाऱ्याच्या हातात दिलेला असतो. टाकीत ३००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असोत की १०००, व्हॉल्व्हच्या मागे मात्र दर वेळी, उदाहरणार्थ, ४०० पीएसआयच साठले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक गोळीला तेवढाच रेटा मिळेल.

हे आत कसे घडते ते समजून घेतल्याशिवाय कोणत्याही रेग्युलेटरची परीक्षा करता येत नाही, म्हणून इथे थोडे थांबते. आत एक पोकळ पिस्टन असतो. त्याच्या एका बाजूला रुंद तोंड असते आणि दुसऱ्या बाजूला बारीक टोक. जाड स्प्रिंग पिस्टनला सीटपासून, म्हणजे टोक जिच्यावर टेकते त्या चकतीपासून, दूर ढकलते, त्यामुळे वाट उघडी राहते आणि टाकीकडील गॅस पिस्टनच्या पोकळीतून मार्करकडे जातो. मार्करकडील दाब वाढत गेला की तो पिस्टनच्या रुंद तोंडावर उलटा रेटा देतो, स्प्रिंग दाबली जाते, बारीक टोक सीटवर टेकते आणि वाट बंद होते. गोळी सुटली की दाब उतरतो, स्प्रिंग पुन्हा पिस्टनला ढकलते आणि वाट उघडते. स्क्रू आत फिरवला की स्प्रिंग अधिक ताठ होते आणि वाट बंद व्हायला अधिक दाब लागतो. सगळा खेळ या दोन रेट्यांच्या तोलाचा आहे.

यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे टोक आणि तोंड यांच्या क्षेत्रफळांतील फरक. माझ्या नगातील सीटचे भोक मोजले तर सुमारे ३ मिलिमीटर आहे आणि पिस्टनचे तोंड सुमारे १५ मिलिमीटर. व्यासात पाचपट म्हणजे क्षेत्रफळात पंचवीसपट. टाकीकडून येणारा दाब त्या बारीक टोकावरही थोडासा रेटा देतच असतो, त्यामुळे आत येणारा दाब ३०० पीएसआयने घसरला तर बाहेर जाणारा दाब त्याच्या पंचविसाव्या हिश्शाने, म्हणजे साधारण १२ पीएसआयने घसरतो. ‘आतील चढउताराचा बाहेर अजिबात परिणाम होत नाही’ असे जे सांगितले जाते ते त्यामुळे काटेकोर अर्थाने खरे नाही, पण ३०० चे १२ होणे ही फार मोठी सेवा आहे, आणि कार्बन डायऑक्साइड वापरणाऱ्याला तिची किंमत लगेच कळते.

कार्बन डायऑक्साइड टाकीत द्रवरूपात असतो आणि त्याच्या वर वायू साठलेला असतो. त्या वायूचा दाब टाकीत किती द्रव उरला आहे यावर अवलंबून नसतो. तो जवळजवळ पूर्णपणे तापमानावर ठरतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ८३० पीएसआय असतो, ३० अंशांना हजाराच्या पुढे जातो, १० अंशांना साडेसहाशेच्या आसपास येतो आणि शून्य अंशाला पाचशेवर उतरतो. त्यातच प्रत्येक गोळीमागे थोड्या द्रवाचा वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता टाकीतूनच ओढली जाते. भराभर गोळ्या मारल्यावर टाकी हाताला थंडगार लागते, तिच्यावर बाहेरून दव जमते, आणि त्याच वेळी दाब उतरत असतो. रेग्युलेटर नसलेल्या मार्करमध्ये हा उतार थेट गोळीच्या वेगात दिसतो. माझ्या मार्करवर रेग्युलेटर बसवण्याआधी आणि नंतर मी तीच चाचणी केली : सुमारे ६० गोळ्या, मध्ये न थांबता. आधीच्या चाचणीत वेग २८५ वरून सुरू होऊन शेवटी २३० च्या घरात आला होता आणि गोळ्या डोळ्यांदेखत अलीकडे पडू लागल्या होत्या. रेग्युलेटर लावून सगळे नीट जुळवल्यावर तोच वेग २८२ वरून २७५ पर्यंत उतरला. उरलेले सात फूट रेग्युलेटरच्या हातचे नाहीत, कारण तो दाब सांभाळतो, गॅसचे तापमान सांभाळत नाही, आणि थंड झालेला गॅस त्याच दाबाला तेवढे काम करत नाही.

याच गॅसच्या बाबतीत दोन मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली, रेग्युलेटर दाब कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. उणे १० अंशांना कार्बन डायऑक्साइडचा दाब जेमतेम ३८५ पीएसआय असतो. अशा थंडीत ४०० वर जुळवलेल्या रेग्युलेटरची वाट सतत उघडीच राहते आणि तो केवळ जोडनळी होऊन बसतो. दुसरी मर्यादा अधिक नेहमीची आणि अधिक त्रासदायक आहे. टाकी आडवी किंवा उलटी झाली की वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, तिथे त्याचा अचानक वायू होतो, ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या लवचीक कड्या) गारठून कडक पडतात आणि वेग कसाही उड्या मारू लागतो. मी दोनदा मुद्दाम टाकी वर करून मार्कर खाली झुकवला आणि चार-पाच गोळ्या मारल्या. वेग २५० ते ३२० या पट्ट्यात नाचला आणि रेग्युलेटरच्या अंगावर पांढरा बर्फाचा थर आला. आतून वळवलेली नळी असलेली टाकी किंवा पाठीवर उभी ठेवलेली टाकी आणि लांब होज हे त्यावरचे खरे उपाय आहेत. केवळ महागडा रेग्युलेटर घेऊन हा प्रश्न सुटेल अशा आशेने कोणी पैसे घालू नयेत. बॅटरीवर चालणाऱ्या मार्करमध्ये तर कार्बन डायऑक्साइड भरूच नये, कारण द्रव आत शिरल्यावर तेथील सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, निकामी होऊ शकतो आणि बहुतेक उत्पादक तसे बजावूनही सांगतात.

दाबाखालच्या हवेवर चित्र वेगळे आहे. ३००० किंवा ४५०० पीएसआयच्या हवेच्या टाकीवर तिचा स्वतःचा रेग्युलेटर असतोच, आणि तो साधारण ८०० ते ८५० पीएसआयने हवा पुढे देतो. म्हणजे मार्करवरचा रेग्युलेटर हा दुसरा टप्पा होतो आणि त्याला आधीच बऱ्यापैकी स्थिर दाब मिळतो. या जोडीवर माझ्या मार्करचे आकडे सर्वांत चांगले आले. वीस सुट्या गोळ्यांमध्ये सर्वांत कमी २७९ आणि सर्वांत जास्त २८४ असा वेग मिळाला, आणि या पाच फुटांतील काही वाटा गोळ्यांच्या लहानमोठ्या आकाराचाही असणार. टाकी उतरत ५०० पीएसआयपर्यंत आली तरी वेग ढळला नाही, त्यानंतर मात्र तो झपाट्याने खाली आला. हिशेबाने तसेच व्हायला हवे होते.

ज्यांना या वस्तूची गरजच नाही त्यांच्याबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. १९९८ साली आलेला टिपमन ९८ हा मार्कर किंवा त्याच्या जातीचे इतर दणकट मार्कर थेट कार्बन डायऑक्साइडवर चालण्यासाठीच बनवलेले आहेत. अधूनमधून खेळणाऱ्याने त्यावर हवेची टाकी लावली तर त्याला जवळजवळ सगळा फायदा तिथेच मिळतो आणि वेगळा रेग्युलेटर लावून भर पडते ती मुख्यतः वजनाची. ऑटोमॅगसारख्या मार्करमध्ये रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या रचनेतच गुंफलेला आहे आणि गोळीचा वेग त्याच्यावरूनच जुळवला जातो. अलीकडचे कमी दाबावर चालणारे मार्कर दीडशे ते दोनशे पीएसआयच्या आसपास काम करतात आणि त्यांच्याबरोबर त्यांना साजेसा रेग्युलेटर आलेलाच असतो. तो काढून दुसरा बसवल्याने काही हाती लागते असे मला आढळलेले नाही. हॅमर-व्हॉल्व्हचा मेकॅनिकल मार्कर असणारे, प्रत्येक गोळीमागे हाताने पंप ओढावा लागणारे पंप मार्कर आवडीने वापरणारे आणि कार्बन डायऑक्साइड सोडू न शकणारे, एवढ्यांसाठीच हा सुटा रेग्युलेटर खऱ्या अर्थाने उपयोगी आहे, आणि मी स्वतः त्यांच्यातच मोडते.

आता त्या ३०६ च्या गोळीकडे परत येते. तिची कारणे दोन निघाली, आणि दोन्ही एकत्र आली म्हणून ती एवढी ठळक दिसली.

पहिले कारण माझ्या जुळवणीत होते. मार्करमधील हॅमरची स्प्रिंग मूळची, चांगलीच ताठ होती. मी तिला हात न लावता केवळ दाब खाली आणून वेग २८१ वर बसवला होता, तेव्हा गेजवर ३२५ पीएसआय होते. नंतर मी दाब टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक ठिकाणी पाच गोळ्या मारल्या आणि सरासरी लिहून ठेवली : ३०० ला २६८, ३२५ ला २८१, ३५० ला २९२, ३७५ ला ३०१, ४०० ला ३०८, ४५० ला ३१४ आणि ५०० ला ३०९. (ही मोजणी मैदानाबाहेर, सुरक्षित जागी, समोर कोणीही नसताना केली, कारण यातील अर्धे आकडे खेळात चालणारे नाहीत.) दाब वाढवला की आधी वेग वाढतो, एका उंचीला पोहोचतो आणि मग कमी होऊ लागतो, कारण व्हॉल्व्हला मागून बसलेला दाब इतका होतो की हॅमरच्या ठोक्याने तो पुरेसा वेळ उघडा राहत नाही. वरचे आकडे पाहिले की लक्षात येते : चढणीवर २५ पीएसआयचा फरक वेगात दहा-बारा फुटांचा फरक पाडतो, तर माथ्यावर त्याच्या दुप्पट दाब बदलूनही वेग पाच-सहा फुटांच्या पलीकडे हलत नाही. मी मार्कर जुळवला होता तो नेमका चढणीवर.

योग्य पद्धत अशी की आधी माथा शोधायचा, मग हॅमरची स्प्रिंग सैल करून वेग खाली आणायचा. स्प्रिंग सैल केली की माथाही थोडा कमी दाबाकडे सरकतो, म्हणून ही फेरी दोन-तीनदा करावी लागते, आणि त्यासाठी एक निवांत दुपार हाताशी ठेवावी. शेवटी माझा मार्कर ४०० पीएसआयला २८२ वर स्थिरावला आणि दाब ३७५ किंवा ४२५ केला तरी वेगात दोन-तीन फुटांहून अधिक फरक पडेनासा झाला. रेग्युलेटर घेऊन वेग केवळ त्याच्याच स्क्रूने जुळवणारे अनेक खेळाडू मी पाहते. त्यांनी घेतलेल्या वस्तूचा अर्धा लाभ ते तिथेच गमावत असतात.

दुसरे कारण रेग्युलेटरच्या पोटात होते. जुळवणी नीट केल्यावर वेगाचा प्रश्न जवळपास दिसेनासा झाला, पण गेजवर तो तसाच होता. गोळी मारल्यावर काटा ४०० वर येई, आणि मार्करला हात न लावता नुसते बघत बसले की एका मिनिटात ४२०, दोन मिनिटांत ४३५ आणि पाच मिनिटांत ४६५ वर जाई. म्हणजे वाट पूर्ण बंद होत नव्हती आणि गॅस थेंबाथेंबाने आत झिरपत होता. बाहेर कुठेही गळती नव्हती, साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा आला नाही, कानाला काही ऐकू येत नव्हते. लागोपाठ गोळ्या मारताना हा दोष कधीच दिसत नाही, कारण दाब चढायला वेळच मिळत नाही. विकत घेताना दुकानात पाच गोळ्या मारून दाखवल्या तर तेव्हाही तो लपूनच राहील.

टाकी काढली, उरलेला गॅस गोळ्या न भरता मारून रिकामा केला, गेज शून्यावर आल्याची खात्री करून घेतली आणि मग रेग्युलेटर उघडला. सीट म्हणजे शर्टाच्या बटणाहूनही लहान अशी पांढरट प्लास्टिकची चकती आहे. भिंगाखाली धरली तर तिच्यावर पिस्टनच्या टोकाने उमटवलेले गोल वळे स्पष्ट दिसत होते आणि त्या वळ्याच्या कडेवर, घड्याळातील चारच्या जागी, केसाहून बारीक असा चकचकीत धातूचा कण रुतून बसला होता. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जोडणी उघडबंद करताना सुटणारा असाच कीस असतो. सुईने तो काढला तेव्हा खाली सूक्ष्म चर उरला, आणि सगळा दाब त्या चरातून झिरपत होता. चकती उलटी करून बसवली तर दोष बराच कमी झाला आणि नवी चकती घातल्यावर पाच मिनिटांत काटा केवळ ५ पीएसआयने वर सरकला. नव्या सीटवर पिस्टनचे वळे उमटेपर्यंत काही डझन गोळ्या तेवढी वाढ होतच राहते, तिची चिंता करू नये.

बनावटीबद्दल माझे मत चांगले आहे. मुख्य भाग एका तुकड्यातून कापलेला आहे, आटे खोल आहेत, पिस्टनचे तोंड गुळगुळीत आहे आणि स्क्रू फिरवताना दाब टप्प्याने न वाढता सलग वाढतो. स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्याला दाब साधारण ८० पीएसआयने बदलतो, त्यामुळे ॲलन की एकाच वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. दाब वाढवताना काटा लगेच हलतो, पण कमी करताना मात्र तो जागचा हलत नाही, कारण आत साठलेला गॅस बाहेर पडायला वाट नसते. म्हणून स्क्रू सैल केल्यावर दोन-तीनदा मोकळा ट्रिगर ओढायचा आणि मगच काटा वाचायचा. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही आणि तो असायला हवा होता, कारण नवा माणूस ‘दाब उतरत नाही’ असे समजून स्क्रू फिरवतच राहतो आणि पुढच्या गोळीला दाब एकदम कोसळतो.

भराभर मारताना हा रेग्युलेटर समाधानकारक आहे, उत्तम म्हणता येणार नाही. सेकंदाला पाच-सहा गोळ्यांच्या गतीने वीस गोळ्या मारल्यावर हवेवर वेग २८२ वरून २७३ पर्यंत घसरला. ३ मिलिमीटरच्या वाटेतून गोळ्यांमधल्या वेळात पोकळी पूर्ण भरत नाही, एवढेच त्याचे कारण. संघातील एका सहकाऱ्याच्या रेग्युलेटरमध्ये वाट अधिक रुंद आहे आणि त्याच चाचणीत तो २७८ च्या खाली गेला नाही. मात्र रुंद वाटेमुळे टोक आणि तोंड यांचे प्रमाण बिघडते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडवर टाकी थंड होत गेली तसा त्याचा दाब माझ्यापेक्षा अधिक घसरला. एकच रेग्युलेटर दोन्हीकडे सरस ठरावा ही अपेक्षा या साध्या रचनेकडून ठेवता येत नाही. मेकॅनिकल मार्करवर मी स्थिर दाबाला प्राधान्य दिले आणि आजही तेच देईन.

बरोबर येणारा छोटा गेज मात्र मी पहिल्याच महिन्यात बदलला. दुसऱ्या मोठ्या गेजशी ताडून पाहिला तेव्हा तो ४०० च्या ठिकाणी ३६० दाखवत होता, आणि त्याच्या तबकडीवरील खुणा इतक्या दाटीने छापलेल्या आहेत की २० पीएसआयचा फरक डोळ्यांना दिसत नाही. अशा गेजचा आकडा खरा मानण्यापेक्षा काटा स्थिर राहतो की सरकतो एवढ्याच कामासाठी तो वापरावा. ओ-रिंगबाबत अनुभव असा की साध्या नायट्राइलच्या ओ-रिंग कार्बन डायऑक्साइड शोषून फुगतात आणि दाब एकदम सोडला की त्यांच्यावर फोड येतात. पॉलियुरेथेनच्या ओ-रिंग या गॅसवर माझ्याकडे तीनपट अधिक टिकल्या. ग्रीस सिलिकॉनचे, तेही पिस्टनच्या ओ-रिंगवर बोटाने पुसट लागेल इतकेच लावावे. सीटवर ते अजिबात लागू देऊ नये. खनिज तेल तर मोठ्या दाबाच्या हवेच्या आसपासही आणू नये, कारण दाब अचानक वाढताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते पेट घेऊ शकते.

आणखी एका बाबतीत या नगाचे गुण मी कापते. सीट पूर्णपणे निकामी झाली तर टाकीकडील संपूर्ण दाब मार्करच्या व्हॉल्व्हवर येतो. काही रेग्युलेटरवर अशा वेळी जादा दाब बाहेर सोडणारा छोटा रिलीफ व्हॉल्व्ह असतो, यावर तो नाही. हवेच्या टाकीच्या रेग्युलेटरवर सुरक्षेची बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला तर फुटून गॅस बाहेर सोडणारी चकती) असते हे खरे, पण ती याहून बऱ्याच मोठ्या दाबासाठी आहे. ४०० वर चालणाऱ्या मार्करला साडेआठशे मिळाले तर ती डिस्क फुटणार नाही. माझ्या मार्करचा व्हॉल्व्ह अशा दाबाला हॅमरने उघडतच नाही, हा केवळ त्याच्या रचनेचा योगायोग आहे, आणि दुसऱ्या प्रकारच्या मार्करवर हा रेग्युलेटर लावणाऱ्याने त्यावर विसंबून राहू नये.

नवी सीट घातल्यावर, हॅमरची स्प्रिंग आणि दाब माथ्यावर जुळवल्यावर मी पहिलीच चाचणी पुन्हा केली. दहा गोळ्या, पाच मिनिटांची विश्रांती, मग तीन गोळ्या. थांबल्यानंतरची पहिली २८३, दुसरी २८१, तिसरी २८२. त्यानंतर हंगामभरात दर खेळाच्या दिवशी मी हीच चाचणी केली, आणि दोनच वेळा पहिली गोळी दोन आकडी फरकाने वर गेली : एकदा सीटवर पुन्हा कीस आढळला आणि एकदा पिस्टनची ओ-रिंग चिरलेली निघाली. दोन्ही वेळा दुरुस्तीला वीस मिनिटांहून अधिक लागले नाहीत. आता होजच्या जोडावर मी बारीक गाळणी बसवली आहे आणि दोन जादा सीट व ओ-रिंगचा एक संच मुखवट्याच्या पिशवीत असतो. उत्पादकाने तो खोक्यातच द्यायला हवा होता. जुन्या हातचा असा रेग्युलेटर कोणी दाखवायला आणला, तर मी आधी तो टाकीवर चढवते, गेजकडे बघत पूर्ण पाच मिनिटे काहीही न करता बसते आणि मगच पहिली गोळी मारते.